नामावली कापू नका : जुन्या मराठी चित्रपटांच्या हक्कदारांना खुले पत्र

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते आणि त्यांचे वारस, तसेच हे चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्यांचे व इंटरनेटवरील मंचांचे चालक

सप्रेम नमस्कार.

माझे वडील टायटल पेंटर होते. सिनेमा सुरू होताना पडद्यावर जी नावं येतात, ती हातानं लिहायचं काम. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. कोल्हापुरात जयप्रभा आणि शालिनी हे दोन्ही स्टुडिओ गजबजलेले होते त्या काळात, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षं, आण्णांनी शेकडो माणसांची नावं लिहिली. नायक-नायिकांची आणि दिग्दर्शकांची लिहिली, तशीच मेकअपवाल्यांची, लाईटवाल्यांची, कपडेपट सांभाळणाऱ्यांचीही. त्यांचं स्वतःचं नाव मात्र पडद्यावर एकदाच आलं. एका तमाशापटात, शेवटून तिसऱ्या पाटीवर, अगदी खालच्या ओळीत. निर्मात्यानं हट्ट धरला म्हणून. आण्णा ते लिहायला तयार नव्हते.

गेल्या महिन्यात तो चित्रपट तुमच्यापैकी एकानं नव्यानं साफ करून इंटरनेटवर आणला. माझी आई आता ८४ वर्षांची आहे. तिनं तो त्या वेळी थिएटरात दोनदा पाहिला होता, त्यानंतर कधीच नाही. भाच्यानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. आई चष्मा पुसून खुर्ची पुढं ओढून बसली. आधी कंपनीचं आजचं चिन्ह गरगर फिरत आलं. मग संगणकाच्या टाइपात चित्रपटाचं नाव आलं. मग नायक, नायिका, संगीतकार आणि दिग्दर्शक अशी चार नावं, आणि लगेच पहिला प्रसंग, धुळीतून येणारी बैलगाडी.

"पाट्या कुठं गेल्या?" आईनं विचारलं.

भाच्यानं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला लागला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे रे," आणि उठून आत गेली. चित्रपट तिनं पाहिलाच नाही.

मी चौकशीसाठी फोन केला. पलीकडचा मुलगा सौजन्यानं बोलला. म्हणाला, "मॅडम, टायटल्स कुणी बघत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही घडलं नाही तर लोक दुसरं काहीतरी लावतात. म्हणून आम्ही सगळ्याच जुन्या पिक्चरची टायटल्स काढतो." त्या मुलावर माझा राग नाही, त्याला सांगितलंय तेवढं तो करतो. पण 'सगळ्याच' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. त्यानंतर महिनाभर मी रोज एक जुना मराठी चित्रपट नुसता सुरुवातीपुरता लावून पाहिला. बऱ्याच ठिकाणी हीच गत आहे. कुठं नामावली पूर्ण छाटलीय, कुठं मध्येच तोडलीय, कुठं तिच्यावर कंपनीची भलीमोठी पट्टी चिकटवलीय आणि खालचं एकही अक्षर लागत नाही. हा निर्णय तुमचा आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि मुकाट्यानं सोसण्यासारखा तो नाही, म्हणून ते उघडं.

आधी जे तुमचं श्रेय आहे ते देते. जुनी फिल्म सांभाळणं किती अवघड असतं हे मी घरात पाहिलंय. आमच्या माळ्यावर आण्णांनी आणलेले फिल्मचे काही तुकडे होते, त्यांना शेवटी शेवटी व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला आणि एके दिवशी ते कातडीसारखे आक्रसून गेले. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी घर गहाण टाकून चित्रपट काढले, लॅबोरेटरीची बिलं थकली म्हणून निगेटिव्ह तिथंच अडकून पडल्या, पेट्या गोदामांत सडल्या. मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून जास्त चित्रपट निघाले, त्यातले पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुठंच पाहायला मिळत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, साठ्याला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ फिल्म त्यात गेल्या. अशा परिस्थितीत ज्यांनी पदरमोड करून चित्रपट वाचवले, साफ केले, लोकांपुढं आणले, त्यांचे उपकार आहेतच. माझा प्रश्न एवढाच, की आगीतून आणि वाळवीतून वाचलेली गोष्ट आपण आपल्या हातानं का कापतोय?

नामावली तयार कशी व्हायची हे आज फारसं कुणाला ठाऊक नसेल, म्हणून जरा सांगते.

आमच्या घरी मधल्या खोलीत खिडकीखाली आण्णांचा उतरता फळा होता. त्याला काळा पुठ्ठा पिनांनी लावलेला. स्टुडिओतून नावांची यादी यायची, बहुतेक वेळा पेन्सिलीनं खरडलेली, कधी सिगारेटच्या पाकिटावर. आण्णा आधी ती यादी मोठ्यानं वाचायचे. नाव बोलताना कसं ऐकू येतं त्यावर ऱ्हस्व-दीर्घ ठरवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. शंका आली की सायकल काढून त्या माणसाच्या घरी जायचे. एका लाईटमनचं आडनाव 'सुतार' की 'सुथार' हे विचारायला ते भर पावसात पंचगंगेपलीकडं जाऊन आलेले मला आठवतात. तो माणूस घरी नव्हता, म्हणून त्याच्या बायकोकडून रेशनकार्ड मागून पाहून आले.

मग पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या फिकट रेघा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. पोस्टर कलरचा पांढरा रंग बशीत घोटायचा, त्यात डिंकाचं पाणी थेंबथेंब घालायचं. जास्त झालं की रंग चमकतो, कमी झालं की पोपडे धरतो. कॅमेऱ्याखाली दोन्ही चालत नाही. मी नऊ-दहा वर्षांची झाल्यावर मला काम मिळालं, त्यांनी कडा आखलेल्या अक्षरांच्या पोटात रंग भरायचं. हात थरथरला तर ते रागवायचे नाहीत, म्हणायचे, "पडद्यावर हे अक्षर माणसाएवढं होणार आहे बाळ. त्याचं नाव आहे, वाकडं नको."

वाळलेले पुठ्ठे कॅमेऱ्यासमोर लावून एकेक पाटी शूट व्हायची. काळ्यावर पांढरी अक्षरं घ्यायची, आणि मागं चालतं दृश्य हवं असेल तर ती लॅबमध्ये त्या दृश्यावर चढवायची. किती वेळ पाटी ठेवायची याचाही हिशेब असायचा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला दीड फूट धावते. चार सेकंद दिसणाऱ्या पाटीला सहा फूट लागतात. आण्णा म्हणायचे, थिएटरात सगळ्यात सावकाश वाचणारा माणूस बसलाय त्याच्या डोळ्यांनी मोजा. त्यांचं नाव असलेल्या चित्रपटाची नामावली अडीच मिनिटांची होती, म्हणजे सव्वादोनशे फूट. पूर्ण चित्रपट अडीच तासांचा. साठ भागांतला एक भाग. तुम्ही वाचवलेला वेळ हा एवढाच आहे.

आणि पाट्यांचा क्रम? त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे, यादी चारचारदा बदलून यायची. कुणाला एकट्याची पाटी, कुणाला दोघांत, कुणाला 'आणि' लावून शेवटी. माणसं त्या पाटीसाठी झुरायची, कारण बाकी फारसं काही हाती लागत नव्हतं. लाईटवाल्यांचे पैसे बुडायचे. सहनर्तकींना गाडीभाड्यावर घरी पाठवलं जायचं. पण नाव पडद्यावर आलं की गावाकडची माणसं थिएटरात आरडाओरडा करायची. तेवढं पडद्यावर राहिलेलं होतं. आता तेही नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की मराठी चित्रपटाचा इतिहास बऱ्याच प्रमाणात या पाट्यांतच लिहिलेला आहे. स्टुडिओंची हजेरीपुस्तकं गेली, करारपत्रं गेली, कितीतरी बाबतींत करारपत्र असं काही नव्हतंच. उरली ती नामावली. दोन उदाहरणं देते. १९३६ चा 'संत तुकाराम', दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनिसांनी तुकोबा रंगवलेला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. त्यातलं 'आधी बीज एकले' हे पद आजही कीर्तनांत, भजनांत तुकोबांचा अभंग म्हणून म्हटलं जातं. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवले यांनी ते त्या चित्रपटासाठी लिहिलं. इतकं अस्सल उतरलं, की अनेक जण ते गाथेत शोधत बसले. कवीला याहून मोठी पावती कुठली? पण आठवल्यांचं नाव जिथं मुळात नोंदलं गेलं तीच जागा तुम्ही कापलीत, तर पुढच्या पिढीला ते शोधायचं कारणच उरणार नाही. त्यांच्यासाठी ते पद कायमचं गाथेत जाऊन बसेल, आणि एक माणूस कायमचा पुसला जाईल.

दुसरं उदाहरण आमच्या कोल्हापूरचं. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या साठच्या दशकातल्या काही चित्रपटांना 'आनंदघन' यांचं संगीत होतं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. हे आनंदघन कोण, हे लोकांना बराच काळ माहीत नव्हतं. त्या लता मंगेशकर होत्या. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते उघड झालं. आज एका मंचावर त्यातल्याच एका चित्रपटाच्या नव्या नामावलीत सरळ 'संगीत : लता मंगेशकर' असं टाइप केलेलं मी पाहिलं. माहिती म्हणून चूक नाही. पण त्यांनी स्वतः ते नाव घेतलं नव्हतं. त्यांनी जे निवडलं ते 'आनंदघन' होतं, आणि कुण्या पेंटरनं ते तसं लिहिलं होतं. एका कलावंतानं विचार करून घेतलेला निर्णय तुम्ही साठ वर्षांनी परस्पर बदललात.

यातून पुढची तक्रार येते. जी चार-पाच नावं तुम्ही नव्यानं टाइप करता, ती निदान बरोबर तरी असावीत. तुमच्या याद्यांत तिन्ही सुलोचना एक होऊन जातात. मूकपटांच्या काळातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. भालजींच्या हाताखाली तयार झालेल्या, आम्हा सगळ्यांना दीदी असलेल्या सुलोचना लाटकर वेगळ्या. आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, ज्या आधी सुलोचना कदम या नावानं गायच्या, त्या आणखी वेगळ्या. एका ठिकाणी रूबी मायर्स यांच्या फोटोखाली दीदींचे चित्रपट होते. तीच गोष्ट तीन वसंतांची. वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू हे तीन निरनिराळे संगीतकार. 'सांगत्ये ऐका'मधलं 'बुगडी माझी सांडली गं' हे वसंत पवारांचं. माडगूळकरांचे शब्द, आशाताईंचा आवाज, पडद्यावर जयश्री गडकर. ही सगळी जोडणी मूळ पाटीवर नीट लिहिलेली असते. ती पाटी फेकून देऊन संगणकाला अंदाज करायला लावायचं हे मला कळत नाही.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांची नावं तुमच्या चारांत कधीच येणार नाहीत. ही तक्रार माझ्या मनाला सगळ्यात जवळची आहे.

मोठ्यांचं ठीक आहे. दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, शांतारामबापू, भालजी, मास्टर विनायक, राजा परांजपे यांच्यावर पुस्तकं आहेत. दुर्गाबाई खोटे आणि हंसाबाई वाडकर यांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतः सांगून ठेवलंय. पण फाळक्यांच्याच घरात पाहा. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडली, ती धुतली, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. हे आपल्याला कळतं कारण लोकांनी ते मागून लिहून ठेवलं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके पुढं 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले, हेही कुणीतरी नोंदवलं म्हणून माहीत. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, बाईमाणसानं पडद्यावर येणं म्हणजे समाजातून उठणं होतं त्या १९१३ साली. त्यांची नावं टिकली. त्यांच्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांची टिकली नाहीत.

तमाशापटांत फडावरून आलेल्या कितीतरी मुली नाचल्या. गावच्या गाव जमवून लढाया शूट झाल्या. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा स्टुडिओ खाक झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला, असं आपण अभिमानानं सांगतो. पण एकट्या भालजींच्या हातांनी तो उभा राहिला का? सुतार होते, गवंडी होते, वायरमन होते. त्यातल्या काहींची नावं मी स्वतः पाटीत रंग भरताना वाचलेली आहेत. ललिताबाई पवारांना १९४२ मध्ये एका प्रसंगात बसलेल्या थपडेनं चेहऱ्याचा पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि त्यातूनही त्या उभ्या राहिल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सेटवर वरच्या फळीवरून पडलेल्या लाईटबॉयची गोष्ट कुणाला पाठ आहे? आमच्या गल्लीत एक होते. एक पाय आखूड झालेला. त्यांचं नाव सहा चित्रपटांच्या पाट्यांवर आहे, मी मोजलंय. तुमच्या नव्या प्रतींत ते आता शून्य चित्रपटांत आहे.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. तेही तुम्ही काढता. चित्रपटाची लांबी किती, रिळं किती, मंजुरी कोणत्या तारखेची, हे सगळं त्या एका कागदावर असतं. आज तुम्ही दाखवताय तो चित्रपट पूर्ण आहे की मधली दोन गाणी गळालीयत, हे ताडून पाहायचं तेच एक माप आहे. ते ठेवायला काही सेकंद लागतात.

आणि संस्थांची चिन्हं. प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री कापलेली प्रत मी पाहिली. १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि पुढं पुण्यात भरभराटलेल्या त्या कंपनीची ती ओळख. ती तुतारी आली की थिएटरात लोक सावरून बसायचे, असं आण्णा सांगायचे. तिथं आता दुसऱ्याच कुणाचं तरी चिन्ह फिरतं. यावर मी जास्त लिहीत नाही, लिहिताना हात जड होतो.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. प्रेक्षकाला धीर नाही म्हणता. मान्य. पण तुमच्याच मंचांवर सुरुवात वगळून पुढं जायचं बटण असतं. ते द्या. ज्याला घाई आहे तो दाबेल, ज्याला पाट्या पाहायच्या आहेत तो थांबेल. आज तुम्ही दोघांसाठी एकच उत्तर ठरवून टाकलंय. दुसरं म्हणता, पहिल्या रिळाची सुरुवात सगळ्यात खराब झालेली असते. हेही खरं. प्रोजेक्टरवर चढवताना-उतरवताना हात तिथंच लागतो, ओरखडे तिथंच पडतात, तुटते तीही तिथंच. पण मग ओरखड्यांसकट दाखवा. बैलगाडीच्या प्रसंगावर ओरखडे होते तेव्हा तुम्ही पैसे घालून ते काढलेत, तो प्रसंग कापला नाहीत. आणि फिल्म खरोखरच उरली नसेल, तर जुन्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, पोस्टर आहेत, त्यांवरून नावं घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

कायद्याचं एक वाक्य. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५७ व्या कलमात मूळ कर्त्याला आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकारालाही आपल्या कामाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क मिळाला. मी कुणाला कोर्टाची भीती घालत नाही, माझी ती ऐपतही नाही आणि इच्छाही नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. रंगभूषा करणारा, कपडेपट सांभाळणारी, ट्रॉली ओढणारा, पाट्या रंगवणारा यांना या कलमांतही जागा नाही. त्यांच्याकडं असलेला एकमेव कागद म्हणजे ती पाटी. चित्रपटाचे हक्क तुम्ही विकत घेतलेत किंवा तुम्हाला वारशानं मिळाले, त्यात ही पाटी पुसायचा हक्क कुणी दिला?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्या चित्रपटांची मूळ नामावली तुमच्याकडं शाबूत आहे, ती जशीच्या तशी परत लावा. तुमचं चिन्ह तिच्या आधी दाखवा, तिच्यावर नको. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि मूळ संस्थेचं चिन्हही त्यासोबत ठेवा.

कापलेला भाग फेकून देऊ नका. साफ करताना स्कॅन केलेलं मूळ रीळ संगणकावर कुठंतरी असेलच, ते जपा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडं त्याची एक प्रत द्या. १९६४ पासून हे काम करण्यासाठीच ती संस्था आहे, आणि पी. के. नायरांसारख्या माणसानं आयुष्य घालून तिथं रिळं गोळा केली आहेत.

नवीन नावं टाइप करायची वेळ आलीच, तर पाटीवर होतं तसंच लिहा. आनंदघन असेल तर आनंदघन. सगळी नावं लिहा, चार नाही.

आणि चुका कळवायला एक पत्ता ठेवा, जिथून माणूस उत्तर देईल. आमच्यासारखी घरं अजून आहेत. कुणाचे वडील साउंडला होते, कुणाची आजी कोरसमध्ये होती. ही माणसं तुमच्या याद्या फुकट दुरुस्त करून देतील, आणि आनंदानं देतील. पण घाई करा, ती सगळी आईच्या वयाची आहेत.

माझ्याकडं आण्णांची लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात त्यांनी लिहिलेले एकतीस मूळ पुठ्ठे आहेत, मधे वर्तमानपत्र घालून ठेवलेले. काहींना कसर लागलीय, अक्षरं मात्र शाबूत आहेत. ते कोणत्या अकरा चित्रपटांचे आहेत याची यादी मी केलीय. त्यातले काही चित्रपट तुमच्यापैकी कुणाकडं असतील आणि पहिलं रीळ गेलेलं असेल, तर हे पुठ्ठे स्कॅन करायला मी एक पैसाही न घेता देईन. स्कॅनर घेऊन घरी या, कारण पुठ्ठे आता प्रवास सोसणार नाहीत. आई दुपारी चारपर्यंत झोपते, त्यानंतर या. कुठलं नाव कुणाचं हे तिला अजून सगळं आठवतं.

आपली,
एका टायटल पेंटरची मुलगी
कोल्हापूर